दोन तास एकोणपन्नास मिनिटं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या अल्फारेटा मराठी मंडळाच्या आदरणीय नीनाताई काळसेकर, कार्व्हर मोटर्सच्या रेसिंग विभागाचे प्रेसिडेंट आणि आजचे प्रमुख पाहुणे श्री. ग्रांट व्हिटलॉक, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती श्री. मोरेश्वर उपासनी, सौ. विनीताकाकू, त्यांची कन्या डॉक्टर प्रीता, मंडळाचे सर्व पदाधिकारी, आणि शनिवारची दुपार, मुलांचे सॉकरचे सामने नि आठवड्याची ग्रोसरी बाजूला ठेवून इथं आलेले माझे बंधुभगिनी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

माझं नाव रुचा पांढरीपांडे. मूळची नागपूरची, कार्व्हरमध्ये गेली सहा वर्षं नोकरीला. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर गाड्या शर्यतीत धावत असताना मी वेळ मोजते. कुणी किती वेळ गाडी चालवली, पेट्रोल कधी भरायचं, टायर कधी बदलायचे, हे बघणारी बाई. नीनाताईंनी मला सात मिनिटं दिली आहेत आणि सहाव्या मिनिटाला चिठ्ठी येईल अशी प्रेमळ धमकीही दिली आहे. ताई, ज्या बाईचं पोट घड्याळावर चालतं तिला चिठ्ठी कशाला? पण आधीच सांगून ठेवते, आज सात मिनिटांत होणार नाही. रागावू नका.

शाल-श्रीफळ झालं, मानपत्र झालं. तिकडे टेबलावर मंडळाच्या मैत्रिणींनी केलेला रेसिंग कारचा केक आहे, त्याला गुलाबजामची चाकं आहेत, आणि पुढचं डावं चाक कुणीतरी आत्ताच खाल्लेलं आहे. मला इथून दिसतंय. माझं सगळीकडे लक्ष असतं, असं लोक म्हणतात. ते किती खरं, ते आता ऐकाच.

व्हिटलॉक साहेबांना मराठी येत नाही, म्हणून प्रीता त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात त्यांना सगळं इंग्लिशमधून सांगते आहे. मघापासून बघते, मानपत्रातलं 'कर्तव्यदक्ष' आणि 'अजातशत्रू' हे दोन्ही शब्द तिनं लीलया पार केले. ह्यूस्टनजवळ जन्मलेल्या आणि तिथंच डॉक्टर झालेल्या मुलीचं हे मराठी ऐकून मला तिथल्या मराठी शाळेचं कौतुक वाटतं. प्रीता, आज तुझं काम अवघड आहे. मी सावकाश बोलेन.

काकांना मी काका म्हणते. ऑफिसात सगळे त्यांना 'मो' म्हणायचे, मला ते जमेना. व्हाइस प्रेसिडेंटला मो कसं म्हणायचं? शेवटी ते म्हणाले, काका म्हण. मग मी रेडिओवरही काका म्हणायला लागले, आणि आमचे टेनेसीचे सहा-सहा फुटी मेकॅनिक समजले की हे यांचं रेसिंगचं नाव असणार. त्यांनी हेल्मेटवर मोठ्या अक्षरांत 'काका' रंगवून आणलं. साठ वर्षांचा माणूस ते हेल्मेट घालून ताशी एकशे सत्तर मैलांनी सरळ पट्टा कापायचा आणि माणसं टाळ्या वाजवून ओरडायची, गो काका.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लांब पल्ल्याच्या शर्यती असतात. सहा तास, दहा तास, चोवीस तास ट्रॅकवर लॅप, म्हणजे फेऱ्या, मारत राहायच्या. एकच गाडी, दोन-तीन ड्रायव्हर, आळीपाळीनं चालवायची. आमच्या गटात नियम असा की एक ड्रायव्हर व्यावसायिक हवा आणि एक हौशी, म्हणजे ज्याचं पोट या धंद्यावर नाही असा. व्यावसायिक होता वीर, इथंच जन्मलेला, तुमच्यापैकी अनेकांनी त्याला गणपतीत ढोल वाजवताना पाहिलंय. हौशी म्हणजे काका. कंपनीचा एवढा मोठा अधिकारी स्वतः गाडीत बसतो, हे व्हिटलॉक साहेबांच्या आधीच्या साहेबांना आवडलं होतं. जाहिरातीला बरं, असं त्यांना वाटलं असणार. काकांना जाहिरातीशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणायचे, ज्याला ब्रेक विकायचेत त्याच्या पायाखाली तो ब्रेक एकदा तरी असावा.

या खेळात साहेब आणि ड्रायव्हर यांचं भांडण फार जुनं आहे बरं का. ट्रॅकच्या कडेला एक बुटकी भिंत असते, तिला टेकून संघाची माणसं बसतात. भिंतीवर इस्त्रीच्या शर्टातला साहेब, गाडीत घामानं भिजलेला ड्रायव्हर. साहेब म्हणतो हळू हो, ड्रायव्हर म्हणतो मला काय ते कळतंय. माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी काकांनी मला ब्रेक, टायर काही विचारलं नाही. त्यांनी मला एका फ्रेंच ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. एकोणीसशे बावन्न साली त्यानं चोवीस तासांतले जवळजवळ तेवीस तास एकट्यानं गाडी चालवली. जोडीदार तयार उभा होता, यानं उतरायचं नाव घेतलं नाही. जिंकत होता. शेवटच्या तासात इंजिन गेलं. थकव्यानं गिअर चुकला असं म्हणतात. गोष्ट संपवून काकांनी मला विचारलं, त्याची चूक काय? मी हुशार मुलगी, मी म्हणाले, हट्ट. ते म्हणाले, "नाही. भिंतीवरच्या माणसांवर त्याचा विश्वास नव्हता. माझा असेल. म्हणून तुझी चूक झाली तर ती माझीही असेल."

तेव्हा मला हे वाक्य छान वाटलं होतं. वहीत लिहून ठेवलं होतं मी. आता ते आठवलं की झोप उडते.

काकांची शिस्त अशी की गाडीचा पट्टा बांधला की ते व्हाइस प्रेसिडेंट नाहीत. ऑफिसात ते माझ्याहून तीन पायऱ्या वर. गाडीत बसले की माझ्या एक पायरी खाली. मी आत या म्हणाले की ट्रॅक सोडून भिंतीपाशी आत यायचं, का म्हणून विचारायचं नाही. आणि दुसरी शिस्त, वेळेची नोंद पेन्सिलीनं वहीत करायची. कॉम्प्युटर असतोच, पण निर्णय वहीवर. तिसरी शिस्त तुम्हाला आवडेल. महत्त्वाचं बोलणं मराठीत. कारण रेडिओ सगळे ऐकतात. दुसरे संघ ऐकतात, प्रेक्षकसुद्धा कानाला यंत्र लावून ऐकतात. एका संघानं आमचं बोलणं समजावं म्हणून एका हिंदी येणाऱ्या पोराला बसवलं होतं, त्यानं दुसऱ्या तासाला हात टेकले म्हणे. आम्ही 'पावणेअकरा लिटर' आणि 'साडेसव्वीस लॅप' असलं काहीतरी बोलत होतो.

हसा, हसा. मीही कितीतरी वर्षं हे सांगून लोकांना हसवलंय. पण याच मराठीनं पुढं काय केलं ते सांगायला मी इथं उभी आहे. नीनाताई, जरा पाणी मिळेल का?

आभारी आहे.

गेल्या ऑक्टोबरात इथून पाऊण तासावरच्या ट्रॅकवर दहा तासांची शर्यत होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. तुमच्यातले पन्नासेक जण आले होते, थालीपिठं घेऊन आला होतात, मेकॅनिक मंडळी अजून त्यांची आठवण काढतात. आमच्या गटात आम्ही पहिले आलो. काका, वीर, तो चषक, ते फोटो, सगळं तुम्ही पाहिलंत. दीड तासानं निकाल रद्द झाला, हेही तुम्हाला माहीत आहे. नियम होता की हौशी ड्रायव्हरनं कमीत कमी तीन तास गाडी चालवली पाहिजे. काकांचे भरले दोन तास एकोणपन्नास मिनिटं. अकरा मिनिटं कमी.

का कमी? तुम्हाला जे कारण माहीत आहे ते असं की काकांच्या पायात पेटके आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ते आपल्या मनानं लवकर आत आले. वय झालं, असं आपण सगळे म्हणालो. मघाशी दोन वक्त्यांनी तेच फार सुंदर शब्दांत सांगितलं. 'थांबायचं कधी ते कळणं हेच मोठेपण', असं एक वाक्य आलं आणि टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

माझ्या पर्समध्ये एक भाषण आहे. चार दिवस पाठ केलेलं. त्यातही असंच एक वाक्य आहे. आज दुपारी दोन वाजता मी बाहेर पार्किंगमध्ये त्याची उजळणी करत होते, तेवढ्यात काकांची करडी गाडी आली. ड्रायव्हरच्या सीटवरून प्रीता उतरली. काका शेजारच्या सीटवरून. उतरायच्या आधी, गाडी थांबताना, मी त्यांचा उजवा पाय पाहिला. तो खाली दाबला जात होता. जिथं ब्रेक नसतो तिथं.

काकूंनी मला नंतर सांगितलं की ऑक्टोबरपासून गाडीची किल्ली प्रीताच्या पर्समध्ये असते, ती ह्यूस्टनला परत गेली तरी. तिनं बाबांच्या सगळ्या तपासण्या केल्या. हृदय, डोकं, नसा. कशात काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून ती जास्तच घाबरली, कारण डॉक्टरला न सापडणाऱ्या आजाराचीच जास्त भीती वाटते. म्हणून ह्यूस्टनजवळ शुगर लँडला तिच्या घराजवळ घर घेतलं. म्हणून येत्या शुक्रवारी काका-काकू विमानानं जाणार आणि ती करडी गाडी ट्रकवर चढून जाणार. आठशे मैल.

काका, तुम्ही मान हलवताय, मला दिसतंय. नका हलवू. पट्टा बांधलेला आहे असं समजा. आज भिंतीवर मी आहे.

त्या दिवशी दुपारी काका गाडीत होते. पुढं एका दुसऱ्या संघाची गाडी कठड्यावर आदळली. ड्रायव्हर धडधाकट बाहेर आला, पण कठडा दुरुस्त करायचा म्हणून लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली. सगळ्या गाड्या ट्रॅकवर रांगेत उभ्या. अशा वेळी ड्रायव्हर गाडीतच बसलेला असतो, पण तो वेळ त्याच्या खात्यात धरायचा नसतो. गाडी चालत नाही, तर चालवली कशी म्हणणार? मी वहीत लाल झेंड्याची वेळ लिहायची, झेंडा उठला की ती वेळ लिहायची, आणि मधला काळ वजा करायचा. माझ्या आईला सांगितलं तर तीही करेल इतकं सोपं काम.

गाड्या उभ्या, भिंतीवर करायला काही नाही. माझा फोन वाजला. वकिलांचा मेल होता. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीची फाईल अडकली आहे, सरकारनं आणखी कागद मागितले आहेत, साठ दिवसांत द्या. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना हा मेल माहीत आहे. तो वाचताना कानात काय होतं तेही माहीत आहे. मी तो मेल चार वेळा वाचला. सुशांतला, माझ्या नवऱ्याला, मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, टेन्शन नको घेऊ यार. मी मान वर केली तर गाड्या निघालेल्या होत्या.

झेंडा किती वाजता उठला ते मी लिहिलं नाही. पडला किती वाजता तेही लिहिलं नव्हतं, हे मला संध्याकाळी कळलं. वहीत त्या जागी एक रेघसुद्धा नाही. माझ्या वहीच्या हिशेबानं काका सलग चालवतच होते.

काही वेळानं वहीत तीन तास भरले. वीर हेल्मेट घालून तयार होता. मी रेडिओवर म्हणाले, "काका, तीन तास झाले. आत या."

पलीकडून ते म्हणाले, "रुचा, नक्की? मला सात-आठ लॅप कमी वाटतायत."

गाडी चालवता चालवता मनात मोजत होते ते. सात-आठ लॅप म्हणजे अकरा मिनिटं, बरोबर. आणि मी, जिच्यासमोर वही होती, कॉम्प्युटर होता, शेजारी विचारायला माणूस होता, मी पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "नक्की. आत या."

ते म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर."

आणि आले.

प्रीता. तू थांबलीस. मला इथून दिसतंय, तू बोलायची थांबलीस आणि व्हिटलॉक साहेब तुझ्याकडे बघतायत. मला माहीत आहे तुला काय वाटतंय. पण थांबू नकोस. मी ज्या शब्दांत सांगते त्याच शब्दांत त्यांना सांग. माझी विनंती आहे. मी वाट बघते.

हो. सांग.

बरं, तोवर तुम्हाला एक सांगते. मला बोलायला उभं राहून आत्ता अकरा मिनिटं झाली. एवढा वेळ असतो तो. एवढ्यात एका माणसाचं काय काय जातं ते मी सहा महिने बघते आहे.

सोमवारी सकाळी ऑफिसात बैठक झाली. व्हिटलॉक साहेब, मी, काका आणि दोन वकील. साहेबांचा प्रश्न रास्त होता. आत बोलावलं कुणी? आमचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, त्यांनी ते लावायला सांगितलं. माझा आवाज आला, काकांचा आवाज आला. सगळं मराठीत. खोलीत ते कळणारी माणसं दोनच. साहेबांनी विचारलं, हे काय म्हणतायत? आणि माझ्याआधी काका बोलले. म्हणाले, मी तिला सांगतोय माझे पाय गेले, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, आणि ती म्हणतेय काका, मग आत या.

व्हिटलॉक साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "इज दॅट राइट?"

मी मान हलवली. हो म्हणून.

बाहेर आल्यावर मी काकांना विचारलं, का केलंत हे? मी रडत होते आणि रागावलेही होते, त्यांच्यावर, याचं मला आज नवल वाटतं. ते कॉफी मशीनपाशी उभे होते. म्हणाले, तुझी नोकरी गेली तर साठ दिवसांत तुम्हा दोघांना देश सोडावा लागेल. माझी गेली तर मी दुपारी झोपेन. तुझा कागद येईपर्यंत हे दोघांतच राहू दे. आणि घरी? मी विचारलं. घरीही तेच सांगणार, नाहीतर प्रीताच्या तोंडून एखाद दिवशी बाहेर पडेल, असं म्हणाले. काकू, तुम्हालाही सांगितलं नाही त्यांनी. तुम्ही आत्ता त्यांचा हात धरलाय, म्हणून सांगते.

त्यांना वाटलं होतं की एक शर्यत गेली, एवढ्यावर भागेल. तसं झालं नाही. कंपनीनं त्यांना गाडीतून काढलं. मग रेसिंगचं काम काढून घेतलं. मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्याला आपण निवृत्ती म्हणतो. व्हिटलॉक साहेब, तुमच्यावर माझा राग नाही, तुम्हाला जे भाषांतर मिळालं त्यावर तुम्ही निर्णय घेतलात. आणि घरी त्यांच्याच लेकीनं, प्रेमानं आणि काळजीनं, त्यांच्याकडून किल्ली घेतली. एक खोटं टिकवायला काकांनी न झालेल्या आजाराच्या तपासण्या करून घेतल्या. एमआरआयच्या त्या नळकांड्यात पाऊण तास निपचित पडून राहिले. मला ते काकूंनी सांगितलं तेव्हा मी काय केलं? मी म्हणाले, काळजी घ्या हं.

माझा कागद अजून आलेला नाही. तुम्ही विचारण्याआधीच सांगते. फाईल आहे तिथंच आहे. म्हणजे हे बोलायला आजचा दिवस अगदी चुकीचा आहे, थोडं थांबलं असतं तर बरं, असं कुणाच्या मनात येत असेल तर मलाही रोज तेच वाटायचं. नोव्हेंबरात वाटलं, जानेवारीत वाटलं. पण शुक्रवारी ती गाडी ट्रकवर चढणार. आपल्याला वेळ आहे, असं समजायची चूक मी एकदा केली आहे.

सुशांत तिकडे शेवटच्या रांगेत बसलाय. त्याला मी आजच, पार्किंगमध्ये, पहिल्यांदा सांगितलं. सहा महिने एका घरात राहून नवऱ्याला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "बोल तू. आपण नागपूरला उपाशी मरणार नाही यार." मला त्यातलं पहिलं वाक्य पुरलं.

नीनाताईंची चिठ्ठी आली आहे. चार वेळा घडी घातलेली. यावर वेळ लिहिलेली नाही. लिहिलंय, 'बोल, आम्ही आहोत.' आभारी आहे ताई, पण मला आता फारसं बोलायचं नाही.

मोरेश्वर उपासनी यांच्या पायात त्या दिवशी पेटके आले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. ती शर्यत संपली तेव्हा त्यांचा सगळ्यात वेगवान लॅप हा त्यांचा शेवटचा लॅप होता. आत वळण्याआधीचा. माझ्याकडे ते सगळे आकडे आहेत, ते रेकॉर्डिंग आहे, ती वही आहे. वही मी आज बरोबर आणली आहे. प्रीता, साहेबांना सांग की या हॉलमध्ये मराठी कळणारी दोनशे माणसं आहेत, रेकॉर्डिंग कुणाकडूनही ऐकून घ्या. या वेळी भाषांतर मी करणार नाही आणि काकाही करणार नाहीत.

आता तुला एक विनंती आहे, आणि ही त्यांना सांगितली नाहीस तरी चालेल. तुझे बाबा आजारी नाहीत. ते तुझ्यापासून काहीतरी लपवत होते, हे तुला कळलं होतं, तू फक्त ते चुकीच्या ठिकाणी शोधलंस. तो ट्रक कॅन्सल कर. शुक्रवारी त्यांना गाडी चालवत शुगर लँडला जाऊ दे. तू शेजारी बस. दर दोन-तीन तासांनी थांबा, कुठंतरी बरी कॉफी प्या, कंटाळा आला तर तू घे चालवायला, याच खेळाचा तो नियम आहे. वाटेत मोबिल शहराच्या आसपास समुद्र दिसतो तिथं काकांना जरा उभं राहू दे, त्यांना आवडतं. किती तास चालवलं ते कुणी मोजू नका.

काका, तुमच्याकडे मी माफी मागणार होते. मागते. पण तुम्ही लगेच देऊ नका. तुमची सवय आहे, समोरच्यानं तोंड उघडायच्या आत देऊन टाकायची. या वेळी थोडा वेळ घ्या. तुम्ही म्हणाला होतात की माझी चूक झाली तर ती तुमचीही असेल. तुम्ही शब्द पाळलात, आणि मी तुम्हाला तो सहा महिने पाळू दिला. आजपासून ती चूक माझी एकटीची आहे. मला ती परत हवी आहे.

मंडळानं मला बोलायची संधी दिली, तुम्ही सगळ्यांनी चुळबुळ न करता ऐकलंत, केकसुद्धा सोडून बसलात, त्याबद्दल मनापासून आभार. निरोपाच्या प्रसंगी असलं बोलायचं नसतं, हे मला कळतं. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, आवाज चढला असेल, तर लहान समजून पदरात घ्या. वहीतल्या चुकीला मात्र पदरात घेऊ नका.

व्हिटलॉक साहेब, मी सोमवारी सकाळी आठ वाजता तुमच्या ऑफिसबाहेर असेन, वही घेऊन. प्रीता, हे सांग त्यांना.

सांगितलंस? नक्की?

धन्यवाद. नमस्कार.